लेखणीविना कवयित्री : बहिणाबाई चौधरी



आपल्याच मातीतील एका शेतकरी स्त्रीविषयी चार शब्द बोलण्यासाठी आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. वरणगावाहून भुसावळमार्गे जळगाव गाठावे, तेथून जवळच असोदे हे गाव. तेथे १८८० साली महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी त्यांचे लग्न झाले. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन लेकरे. शेतात राबून या माउलीने संसार ओढला.

बंधू-भगिनींनो, त्यांना अक्षरओळख नव्हती. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या आणि १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह छापून निघाला. त्यानंतर २६ वर्षांनी जन्मलेल्या बहिणाबाईंपर्यंत मात्र पाटी-पेन्सिल पोहोचली नाही. त्यांच्या निरक्षरतेचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला ते पटत नाही. प्रतिभा त्यांची स्वतःची होती; निरक्षरता समाजाने लादलेली होती.

तरीही जात्यावर दळताना, शेतात निंदणी-कापणी करताना त्यांच्या ओठी ओव्या येत. नांगरणी, पेरणी, विहिरीवरची मोट, सुगरणीचे घरटे, माहेरची वाट, माणसाचे चंचल मन हे त्यांचे विषय. भाषा आपली, घरात बोलतो तीच. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दारी आलेल्या ज्योतिष्याला, माझे दैव मला कळते, तू येऊ नकोस, असे त्या कवितेतून सुनावतात. शाळा न पाहिलेल्या बाईचा हा विवेक शिकल्या-सवरल्या माणसालाही विचार करायला लावतो.

ही गाणी टिकली कशी? त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती ऐकून उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखविले. अत्रे यांनी पुढाकार घेतला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. म्हणजे स्वतःची कविता छापलेली पाहणे कवयित्रीच्या नशिबी नव्हते. जी गाणी कोणी उतरवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांचे नाव आज पदवीच्या कागदावर असते. खानदेशाला याचा अभिमान आहे.

पण एवढ्यावर आपले काम संपत नाही. आपल्या वस्तीत, आपल्या घरात आजही म्हाताऱ्या आया-आज्या आहेत. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, बाबासाहेबांवरची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. जाती कधीच बंद पडली. आता गाणाऱ्याही एकेक करून निघून जात आहेत. प्रत्येक घरात सोपानदेव जन्माला येईल असे नाही, पण शाळेत जाणारे एखादे लेकरू तर आहे! त्याच्या हाती एक वही द्या, आजीजवळ बसवा आणि ती म्हणेल ते तिच्याच बोलीत, तिच्या नावासह लिहून घ्यायला सांगा. ‘शुद्ध’ करण्याच्या भरात तिचे शब्द बदलू नका.

आमची एवढीच विनंती आहे.