वॉर्डाच्या दारात उभी असलेली मुलगी



सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एका बाईला तुम्ही समाजकार्याच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथली माझी सगळी नोकरी ओपीडीच्या रांगेत, वॉर्डात आणि नातेवाइकांना बरोबर घेऊन धर्मादाय ट्रस्टांच्या पायऱ्या चढण्यात गेली. त्या काळात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे क्षेत्रकार्याला यायचे. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. ते या कामात कसे आले, कसे टिकले आणि काही जण का टिकले नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे.

एका पावसाळ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी तिला पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं. दुपारी राउंडला गेले तर ती वॉर्डाच्या दारातच उभी. सकाळपासून एकाही खाटेजवळ गेली नव्हती. मला वाटलं, घाबरली असेल. विचारलं, "काय बोलायचं ते सुचत नाहीये का?" ती म्हणाली, "बोलायचं सुचतं मॅडम. पण माझ्या हातात त्यांना द्यायला काहीच नाही. मग उगाच कशाला विचारायचं?"

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यांचा एक संपूर्ण पेपर असतो. त्या पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न या मुलीला पहिल्याच दिवशी पडला होता आणि ती प्रामाणिकपणे दारात थांबली होती.

त्याच वॉर्डात बीड जिल्ह्यातला क्षयरोगाचा एक रुग्ण होता. उपचार दोनदा अर्धवट सुटलेले. त्याच्या कागदावर 'रुग्ण औषधोपचाराबाबत बेफिकीर' असा शेरा होता आणि तो माझ्या अक्षरात होता. दुसऱ्या आठवड्यात ही मुलगी त्याच्या खाटेशी गेली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, यंदा उचल किती घेतलीय?"

तो माणूस उठून बसला. तोवर त्याला हे कोणीही विचारलं नव्हतं. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, तिच्यासाठी नवरा-बायको मिळून होणारा एक कोयता, त्यातला एक आजारी पडला की उरणारा अर्धा कोयता आणि अंगावर राहिलेली फेड. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि पाडव्याच्या आसपास परतते. सहा महिन्यांचा कोर्स ऑगस्टमध्ये सुरू केला, तर तो बरोबर ऊसतोडीच्या हंगामात तुटणार. गोळ्या मिळत होत्या गावच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस होता दुसऱ्या जिल्ह्यात, फडाशेजारच्या कोपीत. मुलीनं विचारलं, "तुमची टोळी कुठल्या कारखान्याला जाते?" त्या तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आम्ही पत्र लिहिलं, फोन केला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं कार्ड पूर्ण भरून माझ्या टेबलावर आलं.

ती मुलगी ऊसतोड कामगारांची होती. आईबाप कारखान्यावर आणि ती आजीजवळ गावात, अशी तिची शाळा झाली होती. मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी जे ठाऊक नव्हतं, ते तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

हे सांगायचं कारण निराळं आहे. एमएसडब्ल्यूच्या प्रवेशाच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं होतं, "समाजकार्यातच का यायचंय?" ती म्हणाली होती, "नोकरी लागते म्हणून." या उत्तराला कमी गुण मिळाले. काठावर प्रवेश मिळाला, असं तिनंच मला नंतर सांगितलं. या प्रश्नाला आपल्याला कोणतं उत्तर हवं असतं, ते आपण सगळे जाणतो. समाजाचं ऋण फेडायचं आहे, वंचितांसाठी काहीतरी करायचं आहे. ज्या विद्यार्थ्याला हे नीट म्हणता येतं, तो आपल्याला तळमळीचा वाटतो.

या अपेक्षेचं मूळ आपल्या इतिहासात आहे आणि तो इतिहास मोठा आहे. 1863 साली पुण्यात फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1896 मध्ये महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. 1906 मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं. सावित्रीबाई 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. या माणसांनी घरावर पाणी सोडलं, म्हणून आपण आज इथे बसलो आहोत. पण याच परंपरेतून आपल्या मनात एक समजूतही पक्की बसली की ज्याला पगाराची गरज आहे, त्याचं काम थोडं कमी खरं.

त्या काळचा कार्यकर्ता आपलं घर सोडून वस्तीत जायचा. आज आपल्या वर्गात बसलेली अनेक मुलं वस्तीतून, तांड्यावरून, पाड्यावरून निघून कॉलेजात आलेली आहेत. घरातलं पहिलं पदवीधर माणूस, शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही की मेसचं बिल थकणारं. फुले आणि शिंदे ज्यांच्यासाठी झिजले, त्यांची ही पणतवंडं आहेत. त्यांना 'वंचितांसाठी काहीतरी करायचंय' हे वाक्य बोलता येत नाही, कारण वंचित म्हणजे त्यांची आई असते, चुलता असतो. 'नोकरी लागते म्हणून' हे त्यांचं उत्तर प्रतिष्ठेचं आहे, असं मी या व्यासपीठावरून सांगते आहे.

आपल्या व्यवसायाची सुरुवात आठवा. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, ती आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधी नागपाड्याच्या कामगार वस्तीत केंद्र चालवत होते आणि शाळेचे पहिले वर्ग तिथेच भरले. वर्ग संपला की विद्यार्थी जिन्यावरून खाली उतरायचा आणि चाळींच्या गल्लीत असायचा. आज आपली कॉलेजं एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे आहे. मध्ये दोन एसट्या बदलाव्या लागतात. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे म्हणून ठरलेले असतात, पण परीक्षा जवळ आली की पहिली कात्री त्यांनाच लागते.

भाषेबद्दलही बोलायला हवं. आपली बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत आणताना आपण केसवर्कचं 'व्यक्तिसहाय्य कार्य' केलं, क्लायंटचा 'सेवार्थी' केला आणि सरकारी कागदानं त्याचा 'लाभार्थी' केला. लाभार्थी हा शब्द मला फार खटकतो. स्वतःच्या हक्काचं रेशन, हक्काची पेन्शन घ्यायला आलेली बाई लाभार्थी कशी? क्षेत्रकार्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तर याहून मोठं नुकसान होतं. एक विद्यार्थी होता, यवतमाळकडचा. त्याला सुपरव्हायझरनं इंग्रजीतच रेकॉर्ड लिही असं बजावलं होतं. त्याच्या वहीत दर पानावर तीच चार इंग्रजी वाक्यं. मी म्हटलं, तुझ्या बोलीत लिही. पुढच्या आठवड्यात त्यानं अकरा पानं आणली. विहिरीत उडी घेतलेल्या शेतकऱ्याच्या बायकोशी झालेलं बोलणं त्यानं तिच्याच शब्दांत उतरवलं होतं. सावकाराचं नाव तिनं कुठे गाळलं, दिराचा विषय निघाल्यावर पदर कसा सारखा केला, सगळं त्यात होतं. त्या अकरा पानांवरून तिच्यासाठी काय करायचं, ते ठरवता आलं. विद्यापीठांना माझी विनंती आहे की क्षेत्रकार्याचं रेकॉर्ड मराठीत, बोलीत लिहिण्याची मुभा नियमातच द्या आणि त्यासाठी गुण कापू नका.

आता नोकऱ्यांकडे येते. 1948 च्या कारखाने अधिनियमानं 500 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आणि समाजकार्याच्या कित्येक पिढ्यांना त्यातून भाकरी मिळाली. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या हळूहळू बंद पडल्या, तशी ही वाट अरुंद झाली. रुग्णालयांची वाट 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेच्या नेमणुकीनं उघडली होती. त्याच वाटेनं मीही आले.

पण मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायचंय ते कायद्यानं किंवा जाहिरातीनं दिलेल्या जागांबद्दल नाही. काही जागा आपल्याच लोकांनी काम करून निर्माण केल्या. 1984 मध्ये मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. टाटा संस्थेचा तो प्रकल्प होता. पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्तीचं टेबल ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. मार खाऊन आलेल्या बाईला 'घरी जा, जमवून घ्या' असं न सांगता तिचं ऐकून घेणारं माणूस त्या इमारतीत बसू लागलं. पुढे शासनानं ते काम स्वीकारलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले. 1996 मध्ये 1098 हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक मुंबईत सुरू झाला, तोही याच संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं. पुढे तो देशभर गेला. पद मंजूर होण्याच्या आधी कोणीतरी तरुण माणूस तिथे जाऊन बसलं होतं, हे लक्षात ठेवा.

मात्र तिथे जाऊन बसणाऱ्यानं खायचं काय, हेही आपण बोललं पाहिजे. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागा बहुतेक कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. एचआयव्ही समुपदेशक, बाल संरक्षण कक्ष, कुठलाही प्रकल्प घ्या. 2020 मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. त्यातून आधी आखडतात ते पगार. औषध, वही, सतरंजी यांवरचा खर्च देणगीदाराला दिसतो. बाईच्या घरी आठ वेळा जाऊन नवव्यांदा तिचं तोंड उघडणारी कार्यकर्ती त्याला दिसत नाही.

माझी पहिली नोकरी एका संस्थेत होती. महिन्याच्या शेवटी व्हाउचरवर सही मोठ्या रकमेवर घ्यायचे आणि हातात तिच्या निम्मी द्यायचे. उरलेली तुमची संस्थेला देणगी, असं सांगायचे. मी दीड वर्ष सही करत राहिले, कारण 'सेवेत पैशाचं काय बोलायचं' असंच मला शिकवलं गेलं होतं. संस्थांच्या प्रमुखांना आज माझं हात जोडून सांगणं आहे, सेवा या शब्दाच्या आड कोणाचाही पगार कापू नका. आणि विद्यार्थ्यांनो, कमी रकमेसाठी मोठ्या रकमेवर सही करू नका. घरचा प्रश्न असेल, भीती वाटत असेल, तर आमच्यापैकी कोणाला तरी सांगा. सांगायला माणूस असायला हवं, हे खरं, आणि तिथेच आपण कमी पडलो आहोत.

कारण मुलं हे काम सोडतात ती बहुधा पहिल्या दोन वर्षांत. पगार हे एक कारण असतं. दुसऱ्या कारणाचं नाव कोणी घेत नाही. बलात्काराची पहिली केस, मुलाचा पहिला मृत्यू, आपण दिलेल्या सल्ल्यामुळे घराबाहेर काढली गेलेली पहिली बाई, हे सगळं तेवीस वर्षांची मुलगी एकटीनं अंगावर घेते. कॉलेजात असताना तिला आठवड्याला सुपरव्हायझरबरोबर बसायला मिळत होतं, आयसी म्हणजे वैयक्तिक चर्चा होती, जीसी म्हणजे गटचर्चा होती. नोकरी लागल्या दिवसापासून तिला विचारणारं कोणी नाही. मासिक अहवालात किती केसेस झाल्या, एवढंच विचारतात.

ऊसतोड कामगारांची ती मुलगी आज मराठवाड्यातल्या एका तालुक्यात काम करते आहे. वीस वर्षं झाली. मध्ये एकदा सोडून चालली होती. रात्री अकराला तिचा फोन आला, आम्ही दोन तास बोललो. माझ्याकडे उपाय नव्हता. मी फक्त ऐकलं आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या रेकॉर्डातली एक नोंद तिला वाचून दाखवली. ती वही मी जपून ठेवली होती.

क्षेत्रात काम करणारे जे सहकारी आज इथे आहेत, त्यांच्याकडे मी एकच मागते. येत्या जूनपासून एक विद्यार्थी आपल्या हाताखाली घ्या. त्याच्यासाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवा, त्याचं रेकॉर्ड स्वतः वाचा आणि तो पास झाल्यावर पुढची दोन वर्षं त्याचा फोन उचला. याचे पैसे मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. विद्यापीठांनी या कामाचं मानधन द्यावं, असा ठराव या अधिवेशनात आपण मांडणारच आहोत. पण तो मंजूर होईपर्यंत मुलं थांबू शकत नाहीत.

सभागृहाच्या बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव, गाव आणि फोन नंबर लिहा. माझं नाव मी सकाळीच लिहिलं आहे.