निवडून कोण येणार?



निवडणूक जवळ आली की पारावर एकच प्रश्न निघतो: कोणता पक्ष येणार? मास्तर म्हणून तुम्ही आम्हांसही विचारता. आम्हांस ते ठाऊक नाही. आणि जो छातीठोक सांगतो, तो पंचांगावाचूनचा जोशीच समजावा.

सन २०१४ साली महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. ४८ पैकी दोनच जागा तिच्याकडे राहिल्या, व त्यांतील एक आपली हिंगोली! राजीव सातव अवघ्या १,६३२ मतांनी आले. एवढी मते दोनचार गावांत निघतात. सन २०२४ च्या जूनमध्ये हिंगोलीची लोकसभा महाविकास आघाडीने जिंकली. त्याच नोव्हेंबरात वसमत, कळमनुरी व हिंगोली ह्या तिन्ही विधानसभा महायुतीने घेतल्या. तेव्हा भाकितावर काय विसंबावे?

तरी कोणी कानाशी लागतो, “येणाऱ्यालाच मत द्या, नाहीतर वाया जाईल.” बंधूंनो, मत म्हणजे शंकरपटावरची पैज नव्हे. हरलेल्यास दिलेले मतही मोजले जाते, व जिंकलेल्यास त्याचा धाक राहतो. उमेदवार दारी आला म्हणजे हळदीचा भाव, पोरांची शाळा, सुतार-लोहारांचा धंदा ह्यांविषयी त्यास जाब विचारा. मायबहिणींनीही विचारावा. मग ज्याचे उत्तर पटेल त्यासच मत द्या.