चिंधीतून सेल्युलोज: इचलकरंजीच्या पोत्यांचं काय करायचं?

गडहिंग्लजहून बोलतोय. आपल्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ व्हायची, चिंधी वाया जायची नाही. पण इचलकरंजीचं काय? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग लावला. आज नव्या मागांवर कापडाच्या कडेची सुताची पट्टी सतत कापली जाते, तिची पोती भरतात. एवढ्याच्या वाकळा कोण शिवणार?

आता बघा, कापसात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. ते बारीक तंतूंच्या रूपात सोडवता आलं, तर कागदात, प्लास्टिकला बळकटी द्यायला वापरता येतं. पद्धत ऐकायला सोपी. कातरण बारीक करायची, सायझिंगची खळ धुवून काढायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, मग ब्लीच. उरलेला पांढरा लगदा ओलाच दळायचा. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड. दळताना तो उभा उकलतो आणि त्याहून बारीक तंतू सुटतात. तीव्र गंधकाम्ल वापरलं तर आणखी तुटून नॅनो आकाराचे स्फटिक मिळतात. माटुंग्याच्या सिरकॉट या १९२४ पासूनच्या संस्थेत नॅनोसेल्युलोजवर बरंच काम झालंय.

पण जे मिळालं ते सेल्युलोजच, हे कशावरून? सूक्ष्मदर्शकात जाडी मोजतात. क्ष-किरणांत २२.७ अंशांच्या आसपास ठळक शिखर दिसलं, की रचना शाबूत आहे. इन्फ्रारेड तपासणीत १७१५ च्या जवळ शिखर आलं, तर समजायचं, पॉलिएस्टर राहिलंय!

खरी डोकेदुखी हीच. चिंधी मिक्स असते. आणि दुसरी गोष्ट पाण्याची. पंचगंगेचं पाणी आधीच कसं झालंय हे तुम्हाला माहितीये. सोडा, ब्लीच, आम्ल सगळं नाल्यात सोडून कचरा वाचवला, तर त्याला मी तरी उपाय म्हणणार नाही. म्हणून मला आम्लापेक्षा दळणं बरं वाटतं. वीज खातं, पण नदीला त्रास कमी.

सुरुवात मागापाशीच होऊ शकते, निव्वळ सुती पट्टीचं पोतं वेगळं ठेवून. ओळखायचं कसं? एक धागा चिमट्यात धरून जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, तर सुती. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर आहे. घरातल्या जुन्या शर्टावर करून बघा आणि काय निघालं ते व्हॉइस नोटवर कळवा.