शोधनिबंध परत आला म्हणून खचू नका

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही प्राध्यापक नाही, हे प्रारंभीच सांगू इच्छितो. बी.ए. झाल्यावर बँकेच्या काउंटरला जे बसलो, ते आजतागायत तिथेच आहोत. मग शोधनिबंधासारख्या विद्वानांच्या विषयावर बोलायला आम्ही का उभे राहिलो, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे कारण आमच्या काउंटरवरच घडले.

मध्यंतरी आपल्याच वस्तीतील, पीएच.डी. करणारी एक मुलगी पैसे पाठविण्याचा फॉर्म घेऊन आली. शिष्यवृत्ती नुकतीच जमा झाली होती. त्यातले साडेतीन हजार रुपये पाठवायचे होते. सहज विचारले, "कसले पैसे गं?" ती म्हणाली, "काका, माझा निबंध छापून येणार आहे. चार दिवसांत." आम्हाला खटकले. जास्त विचारल्यावर कळले की, आधी तिने तोच निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठविला होता. तो तीन पाने शेरे जोडून परत आला. ती मान खाली घालून म्हणाली, "जाऊ द्या काका, आपल्या माणसांचे कोण छापणार?"

हे वाक्य आमच्या काळजात रुतले. पैसे कुठे पाठवायचे हे ठरविणारे आम्ही कोण? पण एवढे सांगितले, "बाळ, फॉर्म उद्यापर्यंत ठेव. आधी ते शेरे तुझ्या मार्गदर्शकांना दाखव." तिने ऐकले. त्यानंतर संस्थेतील दोन-तीन प्राध्यापकांकडे बसून आम्ही हा सारा व्यवहार समजून घेतला. तोच आज आपणापुढे ठेवीत आहोत.

निबंध नियतकालिकाकडे गेला की, प्रथम संपादक पाहतात. विषय आपल्या नियतकालिकात बसतो का, नियमाप्रमाणे लिहिला आहे का, दुसऱ्याचे उचलले तर नाही ना, हे तपासतात. पुष्कळ निबंध इथूनच परत जातात. पुढे तो त्या विषयातील बहुधा दोन जाणकारांकडे जातो. ते सांगतात : छापा, किरकोळ दुरुस्ती करून छापा, मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, किंवा छापू नका. अखेरचा निर्णय संपादकाचा. याला काही महिने लागतात, कधी वर्षही उलटते.

आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटले नाही. बँकेत एकाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, असा दंडक आहे. आपले व्हाउचर आपणच पास करायचे नाही. साहेबांनी व्हाउचर परत पाठविले म्हणजे आम्हाला चोर ठरविले असे नव्हे. कुठेतरी आकडा किंवा सही राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. शोधनिबंधाचेही तसेच आहे. आणि एकच चेक दोन बँकांत भरता येत नाही, तसा एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवायचा नसतो, हेही लक्षात असू द्या.

आता आपल्या सर्वांच्या आदर्शाकडे वळू. परमपूज्य बाबासाहेब २५ वर्षांचे विद्यार्थी होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे तो विद्यार्थ्याचाच शोधनिबंध होता!

त्याची मांडणी विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावी. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि डॉ. केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. कोणाचे काय बरोबर आणि कुठे उणे, ते सांगतात. मगच आपले म्हणणे मांडतात की, जातीबाहेर लग्न न करणे हाच जातीचा गाभा आहे. आणि शेवटी नम्रपणे म्हणतात की, हे अंतिम नाही, चूक दाखविली तर मी ते सोडायला तयार आहे. परीक्षक आजही निबंधात याच गोष्टी शोधतात.

त्याच १९१७ सालात परदेशातून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. माणसाला दार बंद झाले, पण त्याचा निबंध विद्वानांच्या हाती पोहोचला होता.

दुसरे उदाहरण त्यांच्या ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधाचे. १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठविला. चरित्रकार सांगतात की, निष्कर्ष तेच ठेवून बाबासाहेबांनी मांडणी बदलली, आणि १९२३ साली तो मान्य झाला. ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी आपला मतभेद प्रस्तावनेतच नोंदविला आहे. मतभेद असूनही पाठीशी उभे राहणारे गुरू होते आणि शेरे पचविणारा शिष्य होता. बाबासाहेबांचा प्रबंध परत येऊ शकतो, तर आपला आला म्हणून रडायचे काय कारण?

तरीही त्या मुलीचा प्रश्न आम्ही उडवून लावणार नाही. आडनाव पाहून मत बनविणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणूनच अनेक नियतकालिके परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देत नाहीत आणि लेखकाला परीक्षकाचे. ही सोय कुठे आहे ते पाहून निबंध पाठवा. ही सोय परिपूर्ण नाही. संपादकाला नाव ठाऊक असते, विषयावरूनही तर्क बांधता येतो. पण आपल्या मुलांना निदान एक जागा अशी मिळते, जिथे आडनावाआधी मजकूर वाचला जातो. ती जागा पैसे भरून सोडून देऊ नका.

आता फसवणुकीविषयी. चार दिवसांत प्रसिद्धीची हमी, न मागता येणारी पत्रे, निबंध वाचण्याआधी पैसे, संपादकाचा पत्ता नाही, ही धोक्याची चिन्हे. काही प्रामाणिक नियतकालिकेही शुल्क घेतात, पण ते आधी जाहीर असते आणि परीक्षणानंतर आकारले जाते. आयएसएसएन क्रमांक पाहून भुलू नका. खात्याला नंबर आहे म्हणून खात्यात पैसे असतातच असे नाही! २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे आलेली ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणून निवडीची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या विद्यापीठावर आली आहे. प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची २०१६ ची सक्तीही आयोगाने २०२२ च्या नियमांत ठेवली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय, हे आधी विचारा. घाबरून पैसे भरू नका.

शेरे आले तर काय करावे? दोन दिवस कागद बाजूला ठेवा, राग उतरू द्या. मग प्रत्येक शेरा लिहून खाली उत्तर लिहा : काय बदलले, कोणत्या पानावर. जो शेरा पटत नाही, तिथे पुराव्यासह नम्रपणे तसे सांगा. तो तुमचा हक्क आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, आपण वह्या वाटतो, सत्कार करतो. त्याच्या जोडीला महिन्यातून एक रविवार विहारात मुलांना आपले निबंध वाचायला लावू. प्राध्यापक मंडळींनी प्रश्न विचारावेत. गोल्डनवायझरांच्या वर्गात बाबासाहेबांना मिळाले, ते थोडे तरी आपल्या मुलांना मिळेल.

त्या मुलीने तीन पानांच्या शेऱ्यांना पाच पाने उत्तर लिहून निबंध पुन्हा पाठविला आहे. निकाल अजून यायचा आहे. तो फॉर्म मात्र तिने आमच्यासमोरच फाडला. "काका, या वेळी परत आला तरी मी पुन्हा लिहीन," असे ती म्हणाली. आमच्या दृष्टीने ती तेव्हाच उत्तीर्ण झाली.