किल्ली कुणाच्या हातात?

(हिवरे बाजार इथे गावातल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आत्याबाई, काकू आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या मुलींनो,

मी नगरहून आले. सोळा-सतरा किलोमीटरचा रस्ता. स्वतः स्कूटर चालवत आले हे मुद्दाम सांगते, कारण आज बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

बैठकीला बोलावताना तुमच्यातल्या एकीनं फोनवर सांगितलं, की गेल्या महिन्यात गावातल्या एका सुनेची गाडी वळणावरच्या खडीवरून घसरली. गुडघा फुटला, किटलीतलं दूध सांडलं. तेव्हापासून गाडीची किल्ली कपाटात आहे. ती सूनबाई इथे बसली आहे, तिचं नाव मी घेणार नाही. तिच्या आत्याबाईही आल्या आहेत. त्यांची काळजी खोटी नाही, हे आधीच सांगते.

माझंही असंच झालं होतं. १९९७ साली मी लूना शिकले. शिकले म्हणजे काय, दिरानं शाळेच्या मैदानात दोन फेऱ्या मारून घेतल्या, झालं शिक्षण. आठव्या दिवशी समोरून उसाची बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. ब्रेकची तार ढिली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय मोडला. प्लास्टर निघेपर्यंत लूना विकलेली होती. पुढची नऊ वर्षं मी एसटीच्या वेळापत्रकावर काढली. बैठक संपायच्या आधी उठायचं, कारण शेवटची गाडी जाईल.

त्या नऊ वर्षांत आमचे हे दोनदा पडले. दोन्ही वेळा घरात एकच वाक्य बोललं गेलं, ‘रस्ताच खराब आहे.’ मी पडले तेव्हा रस्त्याचा विषय निघाला नाही, तारेचा निघाला नाही. ‘बायकांना गाडी जमत नाही,’ एवढंच. म्हणजे पुरुष पडला तर चूक रस्त्याची, आणि बाई पडली तर चूक सगळ्या बायकांच्या जातीची!

आता तुम्हाला वाटेल, बाई भलतीकडेच चालली, पण मी शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. आपल्याला शर्यत म्हटली की बैलगाडा आठवतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली, २०२३ साली राज्याचा नवा कायदा मान्य करून परवानगी दिली. त्या सगळ्या वादात बैलांचं झालं, परंपरेचं झालं, घाटात जमलेल्या पाहुण्यांच्या भाकरी कोण थापतं हे कुणी विचारलं नाही. असो. माझा भाचा मोटारींच्या शर्यतीचा वेडा आहे. त्याच्याबरोबर बसून मीही बघायला लागले. ही शर्यत तीन दिवस चालते. शुक्रवारी सराव, शनिवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरतं आणि रविवारी खरी शर्यत.

१९९४ साली इटलीत इमोला इथे असेच तीन दिवस होते. शुक्रवारी ब्राझीलच्या बारिकेलोची गाडी वळणाच्या कडेवरून उडाली आणि कुंपणावर आदळली. तो बेशुद्ध झाला, पण वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा राट्झेनबर्गर. आदल्या फेरीत रस्ता सोडून गेल्यामुळे त्याच्या गाडीच्या पुढच्या पंखाला इजा झाली होती. तो थांबला नाही, आणखी एक फेरी मारायला गेला. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे वेग असताना पंख तुटला. तो गेला. रविवारी, १ मे, शर्यत सुटतानाच एक गाडी जागेवर बंद पडली, मागची तिच्यावर आदळली, तुकडे प्रेक्षकांत उडाले, माणसं जखमी झाली. सातव्या फेरीला सेनाची गाडी भिंतीवर आदळली. जगज्जेता माणूस, तोही गेला. आणि शेवटी एका गाडीचं चाक निखळून दुसऱ्या चमूंचे कामगार जखमी झाले.

बघा, या तीन दिवसांत सगळे प्रकार आले. कुठे चालकाचा अंदाज चुकला, कुठे घाई झाली, कुठे यंत्र दगा देऊन गेलं. सेनाच्या बाबतीत सुकाणूचा दांडा आधी तुटला का, यावर तिथल्या न्यायालयात अनेक वर्षं खटला चालला. पण पुरुषांना गाडी जमत नाही, असं कुणी म्हटलं का? किल्ल्या कपाटात ठेवल्या का? नाही. पुढच्याच शर्यतीच्या वेळी चालकांनी आपली बंद पडलेली संघटना पुन्हा उभी केली. सेना ज्या वळणावर गेला ते वळणच दुसऱ्या वर्षी बदललं. गाड्या जिथे दुरुस्तीला थांबतात तिथे वेगाला मर्यादा आली. पुढे मान सावरणारा पट्टा सक्तीचा झाला, २०१८ पासून डोक्याभोवती धातूची कमान आली.

ती कमान काय करते ते २०२० साली बहारीनला दिसलं. ग्रोजाँ नावाचा चालक सुरुवातीलाच दुसऱ्या गाडीच्या आडवा गेला. गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेट घेतला. जवळजवळ अर्धा मिनिट तो आगीत होता, आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. आडवा तोच गेला होता, तरी जगला. कारण माणूस कधीतरी चुकणार हे धरूनच आधी व्यवस्था केलेली होती. आणि गंमत म्हणजे ही कमान नको म्हणणाऱ्यांत तो स्वतःही होता!

मैत्रिणींनो, मला ही गोष्ट सांगायची होती ती एवढ्यासाठीच. चुकायला जागा असणं ही मोठी मिळकत आहे, आणि ती आपल्या वाट्याला येत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, हिशेबात दहा रुपये चुकले, गाडी घसरली, की परीक्षा संपली आणि आपण नापास. सायकल येण्याआधी सायकल काढून घेतात, मग म्हणतात, हिला येत नाही.

नियमांतसुद्धा आपण कुठे बसतो ते बघा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी हवी, असा केंद्रीय नियम आहे. का, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. नियम चांगलाच आहे, त्यानं अनेकींचे जीव वाचले असतील. पण पदर अडकेल तो मागे बसलेलीचाच, हे त्यात जणू गृहीतच आहे!

पुढे बसणाऱ्या बायका आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या, २०२३ साली सोलापूरहून मुंबईला ‘वंदे भारत’ घेऊन गेल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. पुण्याच्या डायना पुंडोले, दोन मुलांची आई, यांनी २०२४ साली मोटारींच्या राष्ट्रीय शर्यतींत आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, पुरुषांच्या बरोबरीनं धावून. या दोघी कधी चुकल्याच नसतील? चुकल्या असतील, पण चुकल्यावर पुन्हा गाडी मिळाली म्हणून इथवर आल्या.

आणि हे तुमच्या गावाला मी काय सांगणार? हिवरे बाजारनं एकेकाळी डोंगरावरची झाडं तोडली, पाणी संपवलं, दारू वाढू दिली, माणसं पोटासाठी बाहेर गेली. ही गावाचीच चूक होती ना? तेव्हा ‘या लोकांना गाव जमत नाही’ म्हणून कुणी गावाला कुलूप लावलं नाही. १९८९ नंतर तुम्ही बसलात, काय चुकलं ते मांडलंत, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केलीत, श्रमदानानं पाणी अडवलंत. आजही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवता. पावसाचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला गाडी घसरल्याचा हिशेब ठेवणं कठीण नाही.

म्हणून चार कामं सुचवते. एक, कुणीही पडलं, बाई असो की बुवा, तर कुठे, कशामुळे, ते वहीत लिहा. वळणावरची खडी, ढिला ब्रेक, अंधार. दोन, ती वही महिलांच्या ग्रामसभेत वाचा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची कायद्यातच तरतूद आहे. खडी उचलायची मागणी ठरावात येऊ द्या. तीन, शिकायचं तर नीट शिका, दोन फेऱ्यांत नाही. परवाना स्वतःच्या नावावर, हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर. ब्रेक, चाकातली हवा स्वतः तपासा. चार, पडलेलीला पंधरा दिवसांच्या आत पुन्हा गाडीवर बसवा. भीती घरात बसून मोठी होते, हे मी नऊ वर्षं भोगून सांगते.

आत्याबाई, शेवटचं तुमच्याशी. सुनेला लागू नये असं तुम्हाला वाटतं, ती माया आहे. पण किल्ली कपाटात ठेवून खडी काही वळणावरून हटत नाही. उद्या ती दुसऱ्या कुणाला पाडेल. उद्या सकाळी आपण सगळ्या मिळून झाडू घेऊन त्या वळणावर जाऊ, मी आज इथेच मुक्काम करते. खडी झाडून झाली की सूनबाई गाडी काढेल. आणि मागे, पदर नीट खोचून, तुम्ही बसा.