कृष्णाकाठची दोन विद्यालये आणि आपला निधी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपला विद्यार्थी-साहाय्य निधी केवळ ज्ञातीतील मुलांपुरता ठेवावा, की त्याचा काही भाग इतर गरजू मुलांसाठी खुला करावा, हा ठराव आज सायंकाळी आपणापुढे येणार आहे. त्याआधी सांगली आणि सातारा येथील दोन महाविद्यालयांचा इतिहास सांगण्याची अनुज्ञा असावी.

सन १९१९ हे या भागाच्या शैक्षणिक इतिहासातील संस्मरणीय वर्ष होय. त्या साली पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. आणि त्याच साली ऑक्टोबरात, कऱ्हाडनजीकच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. एकीच्या पाठीशी १८८४ पासूनची विद्वत्परंपरा होती. दुसरीच्या पाठीशी एका माणसाचा निश्चय होता.

विलिंग्डनला गो. चि. भाटे यांच्यासारखे व्यासंगी ग्रंथकार प्राचार्य म्हणून लाभले. पुढे १९४० नंतर काही वर्षे विनायक कृष्ण गोकाक या कन्नड कवींनी ते पद भूषविले. १९९० चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे ते हेच गोकाक. मराठी मुलखातील या संस्थेने चालक निवडताना त्याची मातृभाषा विचारली नाही, योग्यता पाहिली.

साताऱ्याची कथा अधिक कष्टाची आहे. भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापुरास आपल्याच समाजाच्या वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्ञातीने त्यांना छप्पर दिले होते, हे आपण विसरू नये. त्या छपराची मर्यादा कोठे आली, हेही विसरू नये.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही मोडले. या त्यागाच्या पायावर १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने श्रम करून शिकावे, ही ‘कमवा व शिका’ची रीत तेथे रूढ झाली.

या वसतिगृहात वाढलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. ते बॅरिस्टर पी. जी. पाटील. शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले आणि महात्मा फुल्यांचे लेखन इंग्रजीत नेले. १९५९ साली कर्मवीर निवर्तले. परंतु त्यांचे काम खंडित झाले नाही. २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि हे महाविद्यालय त्याचा घटक झाले. पंक्तीत बसलेला मुलगाच पुढे वाढपी होतो, हे या इतिहासाचे मर्म आहे.

आता एक कबुली देतो. पूर्वी असाच ठराव आला, तेव्हा विरोधात हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आपल्याच मुलांच्या ताटातील भाकरी कमी होईल, ही माझी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. निधी खरोखरच लहान आहे. पण ज्या मुलाला त्या वर्षी आपण परत पाठविले, त्याचे पुढे काय झाले हे मला आजतागायत ठाऊक नाही, आणि ते मनास सलत राहते.

म्हणून माझी सूचना माफक आहे. आपल्या दहा शिष्यवृत्त्यांपैकी दोन कोणत्याही जातीच्या गरजू मुलास द्याव्यात, आणि त्या दोहोंची भरपाई आपण सभासदांनी वर्गणी वाढवून करावी. त्यामुळे आपले एकही मूल वंचित राहणार नाही. माझी वाढीव वर्गणी मी चिटणीसांकडे आजच जमा केली आहे.

एवढे बोलून आपली रजा घेतो.