मेमरी गेली नव्हती!

(मंडळाच्या मासिक सभेत चिटणीसांनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



आजचा विषय लॅपटॉपचा आहे असे फळ्यावर लिहिले, तेव्हा ‘त्यापेक्षा दिवाळीचा फराळ बरा होता’ असे दोघी-तिघी कुजबुजल्या. ते माझ्या कानावर आले. तरीही मी हाच विषय घेतला, कारण ही गोष्ट आपल्या मंडळाच्या साडेसात हजार रुपयांची आहे, आणि त्याहूनही अधिक म्हणजे आपल्या खजिनदारबाईंची आहे. त्यांची परवानगी घेऊनच मी ती सांगत आहे.

आपल्या कार्यालयातला लॅपटॉप तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. सभासदांची यादी, वर्गणी, भिशी, शिवणवर्गाचा जमाखर्च आणि यंदाच्या स्मरणिकेचा मजकूर, सारे त्याच्या पोटात आहे. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला. म्हणून आपण नोव्हेंबरात त्यावर विंडोज ११ चढवले. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी खजिनदारबाई वर्गणी भरीत असता पडद्यावर चौकट आली: ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी.’ म्हणजे संगणकाची मेमरी अपुरी आहे, काम जतन करा आणि प्रोग्रॅम बंद करा. पाठोपाठ हिशेबाचा तक्ता आपोआप बंद झाला. मग दिवसातून चार-चार वेळा हेच होऊ लागले.

दुरुस्तीवाल्याने चौकट वाचली आणि लॅपटॉप न उघडताच निदान केले: “मेमरी गेली. नवी टाकावी लागेल. साडेसात हजार.” आपल्याजवळ तेवढीच रक्कम होती, ती शिवणवर्गाच्या नव्या यंत्रासाठी राखलेली. पण मला अधिक लागले ते खजिनदारबाईंचे बोलणे. त्या म्हणाल्या, “माझ्याच हातून काहीतरी चुकीचे दाबले गेले असणार. आता हिशेब कुणा तरुण मुलीकडे द्या.” वयाच्या ६८व्या वर्षी त्या संगणक शिकल्या. एका चौकटीने त्यांचा सारा धीर गेला.

माझी एक भाची संगणकाचे काम करते. तिला फोन लावला. तिने दुरुस्ती वगैरे काही सांगितली नाही. तिचा प्रश्न एवढाच: “मावशी, हे नक्की कधीपासून होते आहे? आणि त्याच्या आधी शेवटचे काय बदलले?” मला काही आठवेना. पण खजिनदारबाईंनी आपली वही काढली. चौकट केव्हा आली, तेव्हा काय काय उघडे होते, हे त्यांनी तारीखवार टिपून ठेवले होते! पहिली नोंद विंडोज बदलल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. त्याआधी एकही नाही. जी मेमरी इतकी वर्षे नीट होती, ती नेमकी तेव्हाच कशी जाईल? शंका घ्यायला एवढे पुरेसे होते.

आता ही मेमरी म्हणजे काय ते पाहू. आपले सभागृह डोळ्यांसमोर आणा. समोर मांडलेल्या खुर्च्या म्हणजे मेमरी, जिला रॅम म्हणतात. मागची खोली म्हणजे डिस्क. तिथे आपले कागद, फोटो, हिशेब कायमचे राहतात. हळदीकुंकवाला गर्दी झाली की आपण मागच्या खोलीत सतरंजी अंथरून बायकांची सोय करतो. विंडोजही तेच करते. डिस्कवरचा थोडा भाग ते सतरंजीसारखा वापरते. त्याला पेज फाइल म्हणतात. ही युक्ती नवी नाही. इंग्लंडात मँचेस्टरला १९६२ साली सुरू झालेल्या ‘ॲटलास’ संगणकात ती प्रथम वापरात आली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६०मध्ये ‘टिफ्रॅक’ संगणक उभा केला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. आपल्या लॅपटॉपची ८ जीबी मेमरी तिच्या आठ लाख पटींहून अधिक भरते. तरीही ती ‘अपुरी’!

यातली मेख रुमालात आहे. कार्यक्रमाला लवकर आलेल्या बायका शेजारच्या चार खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवतात. पाहावे तर खुर्च्या रिकाम्या, बसायला जावे तर “इथे येणार आहेत!” संगणकातला प्रत्येक प्रोग्रॅम असाच जागा राखून घेतो, आणि विंडोज त्याला तसे वचन देते. खुर्च्या आणि सतरंजी मिळून जेवढी जागा, तेवढीच वचने देता येतात. ती मर्यादा जवळ आली की चौकट येते, मग समोर खुर्च्या रिकाम्या का असेनात.

हे डोळ्यांनी पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडावे. आम्ही पाहिले: ‘अव्हेलेबल’पुढे ३ जीबी, म्हणजे मोकळी जागा भरपूर. आणि ‘कमिटेड’पुढे ८.६ / ८.९, म्हणजे वचने जवळजवळ काठोकाठ. खजिनदारबाई चटकन म्हणाल्या, “अहो, शिल्लक दिसते पण सारी देण्यात बांधलेली आहे, त्यातलाच हा प्रकार!” इतके नेमके मला सांगता आले नसते.

मग सतरंजी का वाढेना? मागची खोली अडगळीने भरली होती. आपली डिस्क १२८ जीबीची, म्हणजे आधीच लहान. त्यात गेल्या सहा वर्षांच्या कार्यक्रमांचे फोटो. आणि विंडोज बदलताना जुने विंडोज पुसले जात नाही. नवे पसंत पडले नाही तर परत जाता यावे म्हणून ते १० दिवस तसेच ठेवलेले असते. अशी डिस्क तुडुंब भरली आणि सतरंजी अंथरायला जागाच उरली नाही. म्हणजे चौकट खोटे बोलत नव्हती. ‘मेमरी बिघडली’ हा आपण तिचा लावलेला अर्थ खोटा होता.

उपाय कोणत्या क्रमाने केले ते सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे.

सर्वांआधी हिशेबाची आणि स्मरणिकेची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. खजिनदारबाई म्हणाल्या, “आधी वह्या सुरक्षित, मग साफसफाई.” दुसरे, लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ केला. पुष्कळजणींना वाटते की ‘शट डाउन’ केले म्हणजे झाले. पण जलद सुरू होण्याची सोय चालू असेल, तर शट डाउनने विंडोजचा गाभा तसाच साठवला जातो आणि पुन्हा तोच उठतो. ‘रीस्टार्ट’ने तो नव्याने सुरू होतो.

तिसरे, सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे जाऊन तिथे जुन्या विंडोजपुढे खूण केली आणि ते काढले. सुमारे २० जीबी जागा मोकळी झाली. येथे दोन सूचना. जुने विंडोज काढल्यावर माघारी जाता येत नाही. तेव्हा नवे नीट चालते याची आधी खात्री करावी. आणि त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असेही एक नाव असते. त्यापुढे खूण करू नका! आपल्या बँकेच्या पावत्या तिथेच पडलेल्या होत्या.

चौथे, सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथे परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमधील ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर व्हर्च्युअल मेमरी पाहिली. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण असावी, म्हणजे सतरंजी किती अंथरायची ते विंडोज स्वतः ठरवते. आपल्याकडे ती होती. जागा वाचवण्यासाठी कुणी ती काढली असेल, तर पुन्हा करून रीस्टार्ट करावे.

शेवटी मेमरीची खरीखुरी परीक्षाही घेतली. स्टार्टमध्ये शोधले की ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ सापडते. हातातले काम जतन करूनच ते सुरू करावे, कारण लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन तपासणी चालते. तिला बराच वेळ लागतो. तोवर चहा घ्यावा. निकाल आला: दोष नाही. दोष निघाला असता तर साडेसात हजार देण्याचा विचार करणे रास्त होते. परीक्षेआधी नव्हे.

एवढे करूनही चौकट येत राहिली तर? कधी कधी नव्या विंडोजशी जुन्या प्रोग्रॅमचे जमत नाही, आणि तो रुमाल टाकतच सुटतो, एकही उचलत नाही. अशा वेळी ‘कमिटेड’चा आकडा सकाळी, दुपारी, संध्याकाळी वहीत लिहावा. नवे काही न उघडता तो चढतच असेल, तर एकेक प्रोग्रॅम बंद करून पाहावा. ज्याच्या जाण्याने आकडा उतरतो, त्याची नवी आवृत्ती घ्यावी. पण अपडेट कायमची बंद करू नका. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात. आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

एक चौकट मात्र खरोखरच खोटी असते. इंटरनेटवर काही वाचताना एकाएकी ‘तुमची मेमरी धोक्यात, या क्रमांकावर फोन करा’ असे झळकते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. अशा ठिकाणी फोन करू नये, पैसे देऊ नयेत. कुणी फसलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

भगिनींनो, यंत्राने तक्रार केली की ‘माझेच चुकले’ असे आपण आधी म्हणतो, आणि मग जो कोणी ठामपणे बोलेल त्याच्या हाती पैसे ठेवतो. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे: काय झाले, केव्हा झाले, आधी काय बदलले, हे लिहून पाहण्याची. ती पायरी आपल्या खजिनदारबाई न सांगता चढल्या होत्या.

हिशेबाची वही आजही त्यांच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात शिवणवर्गाचे नवे यंत्र आले, त्याची पावतीही त्यांनीच त्या लॅपटॉपवर नोंदवली. चौकट आली नाही.